एकही अक्षर कापू नये

आमच्या गावात माणूस गेला की पहिल्यांदा मशिदीच्या भोंग्यावरून कळतं. घरचं कुणीतरी चिठ्ठी लिहून बांग देणाऱ्या बांगीचाचांच्या हातात देतं आणि बांगीचाचा ती जशीच्या तशी वाचतात. अमक्याची बेवा, तमक्याची आई, जनाजा दुपारी जोहरच्या नमाजनंतर. आवाज खाडीच्या कडेपर्यंत जातो आणि तिथं संपतो. पण दिघीच्या जेट्टीपासून रिक्षाने वीस मिनिटांवरच्या या गावात राहतो आम्ही चारेकशे जण, आणि या गावाचे म्हणवणारे आहेत चार हजार. कुवेतला, दोह्याला, मस्कतला, पार केपटाउनला. त्यांच्यासाठी जमातीची वेबसाइट आहे, गेलेल्या प्रत्येकाच्या नावाचं एक पान असलेली.

मला अजून तिचं नवल वाटतं. इकडे मय्यतीला अंघोळ घालत असतात आणि तिकडे त्या नावाच्या पानाखाली दुआ येऊन पडायला लागतात. एक कुवेतच्या गोदामातून. एक कुठल्या तरी जहाजावरून. एक केपटाउनच्या अशा बाईकडून, जिने हे गाव कधी पाहिलेलंच नाही, फक्त पणजोबा इथला. जनाज्यामागे दीडशे माणसं चालतात आणि पानावर तासाभरात दोनशे उभी राहतात.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी हलिमाबी वारल्या. वय ब्याण्णव, साऱ्या गावाची खाला, मावशी. बातमी साइटवर लागली आणि पाच मिनिटांत कुवेतहून फोन सुरू झाले.

"अरे, हलिमाखालाचा जनाजा किती वाजता हाय ते बघायला गेलो, तर इथं बाई पत्ते वाटते!"

खरंच वाटत होती. पान उघडलं की एक क्षण हलिमाबींचं नाव दिसायचं आणि मग धाडकन रमीच्या जुगाराचं दुकान. चकचकीत पोलक्यातली बाई, हातात पत्ते, वर सोन्याच्या नाण्यांचा पाऊस. कुठलंही पान उघडा, तेच. चार हजार माणसांनी त्या दिवशी आपापल्या फोनवर हे बघितलं. बायकांनी, पोरांनी, दोह्याच्या एका मशिदीच्या इमामांनीसुद्धा.

फक्त एका माणसाला ते दिसलं नाही. फकरुद्दीनचाचांना. चाचा जमातीचे सेक्रेटरी. सत्तावीस वर्षं कुवेतला स्टोअरकीपर होते, तिथली शिस्त अजून अंगात. साइटचा पासवर्ड त्यांनी वहीत लिहिलेला, वही कपाटात, कपाटाची चावी कमरेला. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर साइट अगदी जागच्या जागी होती.

"माझ्याकडं तर बरोबर दिसतंय," ते प्रत्येकाला सांगत होते. "तुमचे फोन खराब हायत."

संध्याकाळपर्यंत सगळ्या जगाचे फोन खराब असू शकत नाहीत हे त्यांच्याही लक्षात आलं. मग कमिटी बसली. कमिटीत मुसअबभाय होता. त्याचा नवी मुंबईत ट्रान्सपोर्टचा धंदा, दर शुक्रवारी गाडी घेऊन गावात येतो आणि सगळ्यांना अक्कल देतो.

"सिंपल हाय चाचा. पासवर्ड तुमच्याशिवाय कोणाकडे न्हाय. मग आत कोण घुसणार? ज्यानं घर बांधलं त्यानंच चोरदरवाजा ठेवलेला असणार ना? फुल सेटिंग हाय ही. अल्तमशनं जाताना मागे सोडून गेलेला कोड हाय हा."

साइट अल्तमशने बनवली होती हे खरं. अल्तमश आमच्या गल्लीतला, कुणाला न विचारता, फुकट, २०१७ साली. साइटच्या तळाला बारीक अक्षरात त्याचं नाव होतं. अल्तमश कुवेतमध्ये वारला त्याला दोन वर्षं झाली होती. एकोणचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने, कामावर. मेलेल्या माणसाची ही मोठी सोय असते. तो उत्तर देत नाही. कमिटीतल्या अकरा जणांपैकी एकालाही नेमकं काय झालंय ते कळत नव्हतं, आणि कळत नाही एवढं कबूल करायची एकाचीही तयारी नव्हती. म्हणून त्यांनी ठरवलं की पुढच्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाजनंतर हे काम अल्तमशचंच असं सगळ्यांसमोर सांगायचं आणि साइटच्या तळाचं नाव पुसून टाकायचं.

शनिवारी सकाळी जैबुन्निसा फूफी माझ्या दारात उभी.

फूफी म्हणजे अल्तमशची आई. लहानपणी मला कुराण वाचायला तिनेच शिकवलं. चुकलं की गालाचा चिमटा. आता तिची नजर पार गेल्यासारखी झालीय. वर्तमानपत्र दिसत नाही, औषधाच्या बाटलीवरचं दिसत नाही. मोतीबिंदू काढून झाला, चष्मा तीनदा बदलला. पण रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर ती फोनवर जमातीच्या साइटवरचं नवऱ्याचं, हुसेनमियाँचं पान उघडते आणि त्याखालच्या दुआ एकेक करून वाचते. आणि ते पान तिला स्वच्छ दिसतं. तेवढंच.

"बरकत हाय," ती सगळ्यांना सांगायची. "दुसरं काय बी वाचाया घेतलं की धुकं. ह्यांच्या पानावर आलं की डोळे उघडतात. दरसाल जास्तच चांगलं दिसतंय."

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसले आहे, लपवत नाही.

त्या दिवशी ती बसली नाही. उंबऱ्यातच म्हणाली, "हफ्सा, माझा पोरगा चोर हाय का?"

"न्हाय फूफी."

"तुला ठाऊक हाय की तू नुसतं बोलतेस?"

"नुसतं बोलते," मी म्हटलं. तिच्याशी खोटं बोलायची सवय मला नाही. चिमटा अजून आठवतो.

"मग ठाऊक करून घे. जुम्म्याच्या आधी. तुला यातलं कळतंय. जुम्म्याला त्याचं नाव पुसतील. मी त्या मशिदीच्या रस्त्यानं परत चालणार कशी?"

मी नागावच्या होमस्टेवाल्यांच्या वेबसाइट बनवते आणि दुसऱ्यांनी मोडलेल्या दुरुस्त करते. मला कुणी शिकवलेलं नाही. फुकटचे व्हिडिओ आणि रात्रंदिवस केलेली मोडतोड, एवढीच माझी शाळा. कमिटीने मला विचारलं नव्हतं, कारण कमिटीच्या लेखी मी हुरझूकांची मोठी पोरगी, जिचं लग्न ठरत नाही.

घरी बसून मी पहिली गोष्ट केली ती ही: ब्राउझरमध्ये पानातल्या आज्ञा, म्हणजे स्क्रिप्ट, चालणं बंद केलं आणि मग हलिमाबींचं पान उघडलं. पत्ते आले नाहीत. पान शांतपणे उभं राहिलं. म्हणजे कुणी कपाट फोडलं नव्हतं, चावी चोरली नव्हती. पत्तेवाली पानाच्या आतच बसली होती, कुठल्या तरी दुआच्या पोटात.

मंगळवारी सकाळी मी फकरुद्दीनचाचांच्या पडवीत गेले.

"चाचा, चोरी कशी झाली ते कळलंय. मला आत बघू द्या."

"पासवर्ड देता येत न्हाय."

"मागतंय कोण? पासवर्ड न घेता आत येऊन दाखवू? तुमच्यासमोर. तुमच्याच हातानं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "माझ्या हातानं कसं?"

"मी आता इथं बसून माझ्या फोनवरून एक दुआ पाठवते. तुम्ही रोजच्यासारखी ती उघडा. वाचा. एवढंच करायचं. साइटवर दाखवायला मंजूरही करू नका."

त्यांना ही गंमत वाटली. चाचीला हाक मारून त्यांनी चहा सांगितला. मी फोनवर लिहिलं: अल्लाह हलिमाखालाला जन्नत नसीब करो. आणि त्याच्या पुढे, दोन टोकदार कंसांच्या मध्ये, सात ओळी. पाठवलं. चाचांनी आत मशीनवर बसून संदेशांची यादी उघडली. माझी दुआ वर आली होती. मोठ्याने वाचली, "आमीन" म्हणाले. सात ओळी त्यांना दिसल्याच नाहीत.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. आता डावीकडं बघा. साइट कोण कोण चालवू शकतं, त्याची यादी."

त्या यादीत वर्षानुवर्षं एकच नाव होतं. आता तीन होती. फकरुद्दीन. हफ्सा. आणि तिसरं, इंग्रजी अक्षरांचं, ज्याचा उच्चारही होत नाही असं.

चाचांनी उजवा हात माउसवरून उचलला आणि त्याच्याकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा हात चुकून आपल्या मांडीवर सापडावा तसं.

"मी काय केलं?"

"माझं नाव आत घातलंत. तुम्हीच. मशीनला वाटलं सेक्रेटरी सांगतायत."

"मी तर फक्त वाचलं."

"चाचा, बांगीचाचांना चिठ्ठी दिली तर ते काय करतात?"

"वाचतात."

"जसं लिहिलंय तसं. समजा चिठ्ठीत मध्येच लिहिलंय, आता उठा आणि मशिदीचं मागचं दार उघडं करा. ते भोंग्यावर तेही वाचून दाखवतील आणि सगळं गाव हसेल. बरोबर? पण ही साइट अशी चिठ्ठी वाचत न्हाय, पाळते. दोन कंसांच्या मध्ये आज्ञा लिहिली की तोंडानं एक शब्द न काढता उठते आणि दार उघडून येते. आणि चिठ्ठी तुमच्या हातात असल्यामुळं तुमच्या हक्कानं उघडते."

हे मी दहा वेळा वाचलं होतं. यावर तासन्‌तास व्हिडिओ बघितले होते. पण एका सत्तरीच्या माणसाने "आमीन" म्हणावं आणि तेवढ्याच वेळात त्याच्या अधिकारावर माझं नाव आत कोरलं जावं, हे डोळ्यांनी बघणं वेगळंच होतं. लिहिलेलं नुसतं वाचलं जातं, असं आपण आयुष्यभर समजतो. इथं लिहिलेलं उठून चालत होतं.

"आणि पत्तेवालं?" चाचांनी विचारलं.

"तसंच. शुक्रवारच्या आधी कुणीतरी दुआ पाठवली. तुम्ही वाचली, तिसरं नाव आत गेलं. मंजूर केली, ती सगळ्यांना दिसायला लागली, आणि त्या तिसऱ्या नावानं ती सगळ्याच पानांना जोडली. तुमच्या मशीनवर मुद्दाम गप्प बसते, म्हणून तुम्हाला कळलं न्हाय."

चाचांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस इथं. शोध."

जोहरची बांग झाली. ते टोपी घेऊन मशिदीत गेले आणि मी त्यांच्या खुर्चीत बसले. जमातीची चावी बाईमाणसाच्या हातात. कमिटीला कळलं असतं तर त्यातल्या दोघांना तरी चक्कर आली असती.

साइटवर सात वर्षांतल्या साडेसहा हजार दुआ होत्या. मी त्यांच्या कच्च्या मजकुरात फक्त त्या कंसांतला आज्ञेचा शब्द शोधला. माझी स्वतःची सोडली तर दोन ठिकाणी सापडला.

पहिलं, हलिमाबी वारल्या त्याच्या आदल्या दिवसाचं, गुरुवारचं. 'एक मोमीन भाई, कुवेत' अशा नावाने. आत पत्तेवाली. ती आणि यादीतलं ते तिसरं नाव मी तिथल्या तिथं पुसून टाकलं.

दुसरं, डिसेंबर २०१९ चं. हुसेनमियाँच्या पानावर. पाठवणारा: अल्तमश.

मुसअबभायचा आवाज कानात वाजला, फुल सेटिंग. म्हणजे अल्तमशला हे भोक माहीत होतं, आणि त्याने स्वतः त्यातून काहीतरी आत घातलं होतं. चाचांना यायला पंधरा मिनिटं होती. दुआच्या शेजारी 'पुसा' असं लिहिलेलं बटण होतं. एकदा दाबलं असतं की संपलं. अल्तमश पाक साफ, फूफी मशिदीच्या रस्त्याने मान वर करून चालली असती, आणि जगात मला एकटीला ठाऊक राहिलं असतं. माझं बोट त्या बटणावर होतं, हेही लिहून टाकते.

पण फूफी म्हणाली होती, ठाऊक करून घे. मी आधी वाचायचं ठरवलं.

वर दिसणारा मजकूर एवढाच होता: अम्मा, सलाम. बाबांसाठी सगळ्यांनी केलेल्या दुआ रोज वाचत जा. मला येता आलं नाही. डोळ्यांना जप.

खाली नऊ ओळी. साध्या, नीट, एकाखाली एक. मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा कळल्याच नाहीत, कारण मी त्यांत चोरी शोधत होते. दुसऱ्यांदा सावकाश वाचल्या.

पान उघडलं की आजची तारीख विचार. बाबांना जाऊन किती वर्षं झाली ते काढ. या पानावरची सगळी अक्षरं अठरा मापाची कर. आणि जितकी वर्षं झाली, तितक्या वेळा त्यात दोन मिळव. मागचा पांढरा रंग थोडा पिवळट कर, डोळ्यांना टोचू नये म्हणून.

बस. एवढंच. कुणाचं नाव आत घालायचं नव्हतं, कुठं न्यायचं नव्हतं, काही चोरायचं नव्हतं.

मी खुर्चीत मागे रेलले. पाच वर्षं होत आली. माणूस कुवेतच्या कबरस्तानात, आणि दर डिसेंबरात त्याच्या आईच्या फोनवर अक्षरं दोन मापांनी वाढतायत. तो जिवंत असताना वाढली आणि तो गेल्यावरही वाढत राहिली, कारण त्या ओळींना कुणी सांगितलंच नाही की लिहिणारा वारला. तिचे डोळे मागे मागे सरत होते आणि अक्षरं तिच्याकडे एकेक पाऊल पुढे येत होती. बरकत, ती म्हणायची, आणि आम्ही हसायचो.

चाचा परत आले तेव्हा मी पडद्यासमोर तशीच बसले होते. मी त्यांना काही समजावून सांगितलं नाही, एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. ते उभेच होते. वाचून संपल्यावर खाली बसले.

"पण अशी चोरून कशाला घातली?" ते म्हणाले. "साइट त्याचीच होती. सरळ घालायची."

"त्याच्याकडं पासवर्ड कुठं होता? तुम्ही काढून घेतलेला."

"आम्ही?"

"चाचा, दुआ साफ करून घ्यायची एक गाळणी असते. बाहेरून आलेल्या मजकुरातले असले कंस ती कापून टाकते. बसवलेली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये कुणीतरी ती काढली, इथं तारीख हाय. ती असती तर पत्तेवाली आली नसती. कुणी काढली?"

त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कमरेची चावी काढली, कपाट उघडलं आणि जमातीचं ठरावबुक खाली घेतलं. आमच्याकडे दफनभूमीच्या कुंपणापासून लग्नातल्या स्वयंपाकाच्या डेगच्या भाड्यापर्यंत सगळं त्या बुकात जातं, आणि जातं ते चाचांच्या हाताने, काळ्या शाईत. त्यांनी पानं उलटली. थांबले. मग बुक माझ्यापुढे न करता स्वतःच वाचलं.

"ठराव सात. मरहूम कासमसेठ यांच्या पानावर कुवेत शाखेने पाठवलेल्या दुआतील हिरवी अक्षरे व फुलांची नक्षी साइटने कापून टाकली. कुवेतवाल्यांस दुःख झाले. सबब, यापुढे कुणाच्याही दुआतले एकही अक्षर कापू नये. श्री. अल्तमश यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, गाळणी काढल्यास दुआबरोबर वाटेल ते आत येईल. सभेने ते मान्य केले नाही. साइटची चावी त्यांच्याकडून घेऊन सेक्रेटरींकडे द्यावी." त्यांनी बोट खाली सरकवलं. "सही. फकरुद्दीन."

मला राग यायला हवा होता. आला, पण नीट येईना. कारण गाळणी काढली ती लबाडीने नव्हे. मेलेल्या माणसासाठी कुणी परदेशात बसून हिरव्या अक्षरात दुआ लिहितो, ती कापायचा आपल्याला हक्क नाही, असं अकरा माणसांना मनापासून वाटलं होतं. असा मूर्खपणा फक्त आमचीच माणसं करू शकतात. पनवेलच्या कुणा दुकानदाराला बोलावून त्यांनी दहा मिनिटांत दार सताड उघडं करून घेतलं. ज्या एकाने नको म्हटलं, त्याची चावी काढून घेतली. आणि सव्वा वर्षाने बाप गेला, सुट्टी मिळाली नाही, तेव्हा त्याच पोराला आईपर्यंत पोचायला एकच वाट उरली. ज्या दाराबद्दल ओरडून घसा कोरडा केला, तेच दार.

"हा ठराव मी विसरलो होतो," चाचा म्हणाले.

"बुक विसरलं न्हाय ना."

"तोंड सांभाळ," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

जुम्म्याला नमाजनंतर जमातीच्या हॉलमध्ये सगळे बसले. बायका आत बसत नाहीत. मी आणि फूफी दाराबाहेरच्या कट्ट्यावर. मुसअबभायने सुरुवात केली, नाव पुसायचा ठराव मांडतो म्हणाला. फकरुद्दीनचाचा उठले, ठरावबुक उघडलं आणि २०१८ चा ठराव सात मोठ्याने वाचला. स्वतःच्या सहीसकट.

"म्हणजे चोरदरवाजा मी केला," ते म्हणाले. "त्यानं नको म्हटलं होतं."

मुसअबभाय असा हार मानणारा नाही. "ते ठीक हाय चाचा. पण मी ऐकलंय, त्यानं पण कोड घुसवलाच होता. हाय की न्हाय? उद्या कोण पण बोलेल, बनवणाराच घुसतो."

चाचांनी दाराकडे बघितलं. मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. दोघातिघांनी मान फिरवली. फिरवोत.

"व्हय," मी म्हटलं. "घुसवला. नऊ ओळी हायत. वाचून दाखवू, मुसअबभाय?"

"दाखव की."

मी वाचून दाखवल्या. तारीख विचार. वर्षं मोज. अठरा. दर वर्षाला दोन. पिवळट रंग. माझ्यामागे कट्ट्यावर फूफी हे पहिल्यांदा ऐकत होती. मी तिला आधी सांगितलं नव्हतं. हिंमत झाली नव्हती. तिची बरकत मी कोणत्या तोंडाने काढून घेणार होते?

पहिल्या रांगेतल्या गुलामनबीचाचांनी खिशातून फोन काढला, हुसेनमियाँचं पान उघडलं. चष्मा कपाळावर सरकवला. फोन शेजाऱ्याला दिला. त्यानेही चष्मा वर केला. तो फोन रांगेतून पुढे पुढे जात राहिला. मुसअबभायपर्यंत आला तेव्हा त्याने खूप वेळ बघितलं आणि पुढे दिला.

"गाळणी परत लागेल," मी म्हटलं. "आजच. ती लागली की दुआतल्या या नऊ ओळी पण कापल्या जातील. एकासाठी भोक ठेवता येत न्हाय."

"मग तिच्या डोळ्यांचं काय?" गुलामनबीचाचांनी विचारलं.

"त्या ओळी मी समोरच्या दारानं आत घेते. साइटच्याच कोडमध्ये, सगळ्या पानांसाठी. कमिटी म्हणत असेल तर."

कमिटी म्हणाली. चाचांनी तिथंच ठराव लिहिला आणि तळाचं नाव कायम ठेवावं अशी एक ओळ वर जोडली. मुसअबभायने सही केली. त्याची सही मोठी, पल्लेदार आहे. त्या दिवशी बारीक केली.

मी बाहेर आले. फूफी कट्ट्यावर होती तशीच बसलेली. मी तिच्या पायाशी बसले आणि चिमट्याची वाट बघितली.

"म्हणजे बरकत न्हवती," ती म्हणाली.

मी फोनवर हुसेनमियाँचं पान उघडून तिच्या हातात दिलं.

"दोन-दोन?"

"व्हय फूफी. दरसाल."

"त्याला काय ठाऊक, माझे डोळे दरसाल किती जातात?"

"अंदाज बांधला असंल."

"अंदाज बरोबर हाय," ती म्हणाली आणि उठली. मशिदीच्या रस्त्यानेच घरी गेली, मधून. कडेने नाही.

त्याच संध्याकाळी मी गाळणी बसवली. अल्तमशच्या नऊ ओळी साइटच्या पोटात ठेवल्या. एकही अक्षर न कापता. त्यातली एक ओळ मी आज लिहिली असती तर जरा आटोपशीर लिहिली असती, पण हात लावला नाही. माझं नावही त्या यादीतून काढत होते, चाचा म्हणाले, राहू दे.

आता फूफीला सगळ्यांचीच पानं दिसतात. परिणाम असा की रोज सकाळी तिचा मला फोन येतो. "त्या मस्कतवाल्यानं मगफिरत शब्द चुकीचा लिहिलाय. कोण शिकवलंय त्याला?"

दोन डिसेंबरला हुसेनमियाँना पाच वर्षं झाली. मी सकाळी तिच्याकडे गेले. ती पायरीवर उन्हात बसली होती, फोन मांडीवर. तिने आदल्या दिवशी बोटाने मोजून ठेवलं होतं. अल्तमशच्या दुआतली पहिली ओळ 'बाबांसाठी' या शब्दावर संपत होती. आज तिने पान उघडलं आणि बोट तिथं नेलं. 'बाबांसाठी' खालच्या ओळीत उतरला होता.

"आला," ती म्हणाली.

मी मागच्या आठवड्यात त्या ओळी पुन्हा वाचल्या होत्या. त्याने कुठंही शेवट घातलेला नाही. कितव्या वर्षी थांबायचं ते लिहिलेलंच नाही. अशीच चालली तर एक साल असं येईल की फोनच्या पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावेल, आणि त्याच्या दुआचा पहिला शब्द 'अम्मा' आहे.